‘बॉडी अँड सोल’: काळी एकमधून सुटलेलं आणि परत तिथंच आलेलं गाणं

जॅझमध्ये वर्षानुवर्षं वाजवल्या जाणाऱ्या ठरलेल्या गाण्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात. त्यातलं सर्वाधिक ध्वनिमुद्रित झालेल्यांपैकी एक म्हणजे ‘बॉडी अँड सोल’. संगीतकार जॉनी ग्रीन यांनी ब्रिटिश अभिनेत्री गर्ट्रूड लॉरेन्स यांच्यासाठी ही चाल बांधली. शब्द एडवर्ड हेमन, रॉबर्ट सॉवर आणि फ्रँक आयटन यांचे. १९३० मध्ये ते आधी लंडनमध्ये गाजलं. त्याच वर्षी लिबी होल्मन यांनी ‘थ्रीज अ क्राउड’ या ब्रॉडवेवरील कार्यक्रमात ते गायलं.

रचना कशी आहे?

गाणं ३२ मात्राखंडांचं, म्हणजे आठ-आठचे चार भाग. पहिला, दुसरा आणि चौथा भाग जवळपास सारखा, तिसरा वेगळा. वादक ते बहुधा काळी एकमध्ये वाजवतात. सुरुवात मात्र घरच्या ‘सा-ग-प’वर नाही, तर ‘रे-म-ध’ या स्वरसमूहावर होते. त्यामुळे पहिल्या क्षणापासून ओढ लागते.

खरी गंमत तिसऱ्या भागात आहे. तिथं षड्जच हलतो. काळी एक सोडून गाणं अर्धा स्वर वर, पांढरी दोनमध्ये जातं. मग पांढरी एकवर उतरतं आणि शेवटी पुन्हा काळी एकमध्ये येतं. आपल्याकडं मैफलीत षड्ज कायम असतो, म्हणून पेटी वाजवणाऱ्याला हा प्रवास लगेच जाणवेल. नवख्या वादकाची कसोटी इथंच लागते.

हॉकिन्सची तीन मिनिटं

सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स पाच वर्षं युरोपात राहून १९३९ मध्ये न्यूयॉर्कला परतले. ११ ऑक्टोबर १९३९ रोजी ब्लूबर्ड कंपनीसाठी त्यांनी हे गाणं मुद्रित केलं. मूळ चाल सुरुवातीला जेमतेम सुचवली आणि पुढं जवळजवळ सोडूनच दिली. दोन आवर्तनं, फक्त स्वरसमूहांचा आधार घेऊन नवी वाट. चाल ओळखू न येणारी तबकडी कोण घेणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण ती तुफान खपली. पुढच्या पिढीतल्या वादकांसाठी तो धडाच ठरला. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत तिचा समावेश झाला.

आणखी काय ऐकावं?

- बेनी गुडमन त्रिकूट, १९३५: गोरे गुडमन व जीन क्रुपा आणि कृष्णवर्णीय पियानोवादक टेडी विल्सन एकत्र. वर्णभेदाच्या त्या काळात हे साधं नव्हतं.
- बिली हॉलिडे, १९४०: शब्दांतलं दुःख ऐकायचं तर हे.
- जॉन कोल्ट्रेन, १९६०: खाली एकच स्वर धरून ठेवलेला, त्यावर नवी मांडणी.
- टोनी बेनेट आणि एमी वाइनहाउस, २०११: मार्चमध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत मुद्रित. जुलैमध्ये एमी २७व्या वर्षी गेल्या. हे त्यांचं शेवटचं स्टुडिओ ध्वनिमुद्रण.

पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी आधी हॉलिडे ऐकावी, चाल कानात बसू द्यावी आणि मग हॉकिन्सकडं वळावं. त्यांनी काय सोडलं, हे कळल्यावरच काय मिळवलं ते उमगतं.