कोंड्याचा इतिहास

शेगावला गजानन महाराजांना आजही पिठलं-भाकर आणि अंबाडीच्या भाजीचा नैवेद्य दाखवतात. महाराज तिथे प्रकटले १८७८ साली. त्या काळच्या बुलढाण्यातल्या कुणब्याचं रोजचं जेवण त्या ताटात टिकून राहिलं आहे. या जेवणाचं आरोग्यासाठीचं मोल सांगताना बोट बहुधा त्यासोबतच्या ताकाकडे आणि आंबिलीकडे जातं. १९०७ साली शास्त्रज्ञ एली मेचनिकोव्ह यांनी दह्यातल्या जिवाणूंचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला, तेव्हापासून आंबवलेल्या पदार्थांना हा मान आहे. मला मात्र मोठं श्रेय भाकरीचं वाटतं. आंबील शिजवली की तिच्यातले बहुतेक जिवाणू मरतात. ताकातले आतड्यात फार दिवस मुक्काम करत नाहीत. भाकरीतला ज्वारीचा कोंडा आणि न पचलेलं पिष्ट मात्र मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं. तिथले जिवाणू ते आंबवून ब्युटिरेट तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात.

आक्षेप रास्त आहे: एवढं चांगलं खाणारी माणसं पटकीनं आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात का मेली? दूषित पाण्यापुढे, रिकाम्या ताटापुढे कोंड्याचं काही चालत नाही. आयुर्मान वाढलं ते स्वच्छ पाणी, लसी आणि औषधांमुळे. पण त्यासाठी ज्वारी सोडायची गरज नव्हती. ती सुटली वेगळ्याच कारणांनी. आधी खामगावच्या कापूसबाजारानं शेतं आपल्याकडे वळवली, पुढे चिखली-मेहकरकडे सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. शिवाय भाकरी थापण्याचे कष्ट बाईच्याच वाट्याला होते, हेही विसरता येत नाही. ज्वारीबरोबर कडबा गेला, गुरं घटली आणि घरचं ताकही दुरावलं.