आकाशाचे पाठभेद

मराठीच्या प्राध्यापकाने दुर्बिणीविषयी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु जुन्या पोथ्यांचे पाठभेद ताडून पाहण्यात माझी उमेद गेली, आणि आकाशाच्या सर्वेक्षणाचा इतिहास मला त्याच कामाचा भाऊबंद वाटत आला आहे.

१८८७ साली पॅरिसच्या परिषदेत अवघे आकाश काचेच्या छायापट्टिकांवर उतरवण्याचा संकल्प झाला. सुमारे वीस वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. चिलीतील सांतियागोच्या वाट्याचा पट्टा तेथे तडीस गेला नाही; तो पुढे आपल्या हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये पदरमोड करून आरंभलेली ही वेधशाळा १९०८ मध्ये निजाम सरकारने ताब्यात घेतली व ती बेगमपेठेत वसली. तेथल्या आठ इंची दुर्बिणीने दक्षिण खगोलातील १७ ते २३ अंशांचा पट्टा छायांकित केला. रात्री काच, दिवसा सूक्ष्मदर्शक, मग वहीत आकडा! टी. पी. भास्करन यांच्या कारकिर्दीत हे काम वर्षानुवर्षे चालले.

संकल्पातील नकाशे काही पुरे झाले नाहीत. युरोपातील वेधशाळा या कारकुनीत अडकल्या आणि अमेरिकन ज्योतिर्विद पुढे निघून गेले, असा ठपका इतिहासकार ठेवतात. मला तो अर्धाच पटतो. हिप्पार्कस उपग्रहाच्या वेधांवरून २००० साली ‘टायको-२’ ही सुमारे २५ लाख ताऱ्यांची सूची सिद्ध झाली, तेव्हा ताऱ्यांची निजगती काढण्यास याच जुन्या नोंदी कामी आल्या. तारा किती सरकला हे सांगायला जुना पाठ हाताशी असावा लागतो.

आता त्याच चिलीत, सेरो पाचोन डोंगरावर, व्हेरा रुबिन वेधशाळा उभी आहे. तिची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. आरसा ८.४ मीटरचा, कॅमेरा ३२० कोटी बिंदूंचा. एका चित्रात पूर्ण चंद्राची सुमारे ४५ बिंबे मावतील एवढे आकाश येते. दहा वर्षांच्या योजनेत दक्षिण आकाशाचा बहुतेक भाग सुमारे ८०० वेळा टिपायचा आहे. नव्या चित्रातून जुने वजा केले की उरतो तो बदल: फुटलेला तारा, सरकलेला लघुग्रह. आरंभीच्या अवघ्या दहा तासांच्या वेधांत २१०४ अज्ञात लघुग्रह सापडले.

खरी क्रांती मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. आजवर ज्योतिर्विद बहुधा प्रश्न घेऊन दुर्बिणीकडे जात असे. येथे आकाश आधी लिहिले जाईल आणि प्रश्न मागाहून येतील. कदाचित ते विचारणारे आज शाळेतही गेलेले नसतील. मात्र काचेची पट्टिका शतकानंतरही डोळ्यांनी वाचता आली. ही अगणित आकड्यांची पोथी तशी वाचता यावी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखण करावी लागेल, आणि त्या कामाला वेधाइतकी प्रतिष्ठा क्वचितच मिळते.

हैदराबादने नोंदलेला तो पट्टा रुबिनच्याही आकाशात आहे. गंमत अशी, की आपल्या वह्यांतले बहुतेक तारे या कॅमेऱ्याला फार तेजस्वी पडतात. त्याला ते धड मोजताच येत नाहीत.