पाचट जाळू नका, पण नुसतं पसरूनही भागत नाही

ऊसतोड झाली की फडात पाचट उरतं. बरेच जण काडी लावून मोकळे होतात. एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघतं आणि त्यात २८ ते ३२ टक्के सेंद्रिय कर्ब असतो. म्हणजे एका काडीत सुमारे १ टन कर्ब जळून जातो, सोबत नत्रही जातं. मागे उरते फक्त राख.

सेंद्रिय कर्ब कशासाठी?
कर्ब असला की जमीन भुसभुशीत राहते, ओल टिकते आणि दिलेलं खत पिकाला लागू पडतं. मृद आरोग्य पत्रिकेत हा आकडा बघा. ०.५० टक्क्यांच्या खाली असेल तर कमी, ०.५० ते ०.७५ मध्यम, त्यापुढे जास्त.

पाचटाला युरिया कशाला?
पाचटात कर्ब भरपूर, पण नत्र जेमतेम अर्धा टक्का. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं. पाचटातलं पुरत नाही म्हणून ते जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. मग लोक म्हणतात, पाचटानं ऊस बिघडला. खरं कारण नत्राची उपासमार.

एकरी काय करायचं?
१. पाचट सरीत नीट पसरा. वर राहिलेले बुडखे जमिनीलगत छाटा.
२. पाचटावर ३२ किलो युरिया आणि ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाका.
३. पाचट कुजवणारं ४ किलो जिवाणू कल्चर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पसरा.
४. पाणी द्या. पाचट मातीला चिकटलं, ओल राहिली की ते लवकर कुजतं.

हा युरिया जिवाणूंचा आहे. खोडव्याची खतमात्रा त्यात धरू नका. ती माती परीक्षणाप्रमाणे वेगळी द्या. पाचटावर फेकण्यापेक्षा पहारीनं बेटाजवळ भोक पाडून दिलेलं खत वाया जात नाही.

फरक कधी दिसेल?
घाई नको. एक एकर जमिनीच्या वरच्या अर्धा फूट थरात सुमारे ९ लाख किलो माती असते. कर्ब ०.१० टक्क्यानं वाढवायचा तर ९०० किलो कर्ब टिकायला हवा. पाचट कुजताना त्यातला बराचसा कर्ब हवेत जातो, थोडाच मातीत मुरतो. म्हणून एका खोडव्यात आकडा हलेलच असं नाही. दरवर्षी पाचट ठेवा आणि दोन-तीन वर्षांनी, त्याच हंगामात, त्याच शेतातली माती पुन्हा तपासा. नमुना खत टाकण्याआधी घ्या, म्हणजे पत्रिकेवरचा आकडा खरा येईल.