फुटक्या पुंगळीवरची पाटी

मंडळाच्या मागच्या प्रदर्शनात बेळगाव कँटोन्मेंटचा विभाग माझ्याकडे होता. काचेच्या पेटीत .३०३ रायफलीच्या दोन रिकाम्या पुंगळ्या ठेवल्या होत्या. एक धड होती, दुसरीच्या तोंडापासून खाली उभी चीर गेलेली. दोन्हींच्या बुडावर के, बाण, एफ, मग ४२ आणि रोमन सात. म्हणजे खडकीचा कारखाना, १९४२ साल, सातवा मार्क. फुटक्या पुंगळीखाली मी पाटी लिहिली : ‘देशी फौजेला चांदमारीसाठी मिळणारा स्वस्त, हलक्या प्रतीचा दारूगोळा.’

पाटी लोकांना आवडली. दुसऱ्या दिवशी मराठा रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक हवालदारकाका आले. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘साहेब, हा माल हलका होता हे तुम्हाला कशावरून कळलं? तुम्ही ह्या लॉटची गोळी मारून बघितली होती काय?’’

मला उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं कारखान्यात तपासणी विभागात काढलेल्या माणसाने एक नमुना बघून अख्खा लॉट नापास केला होता! हा लेख म्हणजे त्या पाटीची दुरुस्ती.

आधी तक्रारीतला खरा भाग सांगतो, कारण तो आहेच. १८५७ नंतर देशी पलटणींच्या हातात मुद्दाम कमी दर्जाची हत्यारं दिली गेली. एनफिल्डसारखीच दिसणारी, पण नळीत आटे नसलेली गुळगुळीत बंदूक त्यांच्यासाठी काढली. पुढे गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा देशी शिपाई स्नायडरवर होता. गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा देशी शिपायाला मार्टिनी मिळाली. एक पिढी मागे ठेवायचं हे धोरण होतं. पण हा पुरावा बंदुकीबद्दलचा आहे. त्यावरून काडतूसही वाईट होतं असं म्हणणं म्हणजे शेजारच्या खटल्यातला साक्षीदार आपल्या खटल्यात उभा करणं.

वाईट काडतुसाचा त्रास दोघांनाही झालेला आहे. मार्टिनीच्या सुरुवातीच्या बॉक्सर काडतुसाची पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली असे, बुडाला लोखंडी चकती. नळी तापली, त्यात वाळू गेली, की पुंगळी आत चिकटायची आणि ओढताना फाटायची. १७ जानेवारी १८८५ रोजी सुदानमध्ये अबू क्लीयाच्या लढाईत गोऱ्या सैनिकांच्याच रायफली अशा अडकल्या आणि मोठी ओरड झाली. नंतर सबंध ओढून काढलेल्या पितळेच्या पुंगळ्या सगळीकडे आल्या.

आता मूळ प्रश्न. काडतूस चांगलं की वाईट, हे तेव्हा ठरवत कसं?

ह्याचं मोजमाप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच तयार झालं होतं. रायफल टेकूवर पक्की बसवायची, म्हणजे माणसाचा हात वजा झाला. एकाच लॉटच्या बऱ्याच गोळ्या एकाच निशाणावर मारायच्या. सगळ्या भोकांचा मध्यबिंदू काढायचा आणि त्या बिंदूपासून प्रत्येक भोकाचं अंतर मोजून सरासरी घ्यायची. आकडा जितका लहान तितका माल चांगला. आमच्या भाषेत सांगायचं तर मोजायचा तो फैलाव. मध्य नंतर हलवता येतो.

१८५७ सालीच इंग्लंडात हाइथच्या मस्केटरी शाळेत ह्या पद्धतीने एक गाजलेली चाचणी झाली. ५०० यार्डांवर एनफिल्डचा आकडा आला २.२४ फूट, म्हणजे साधारण २७ इंच. जोसेफ व्हिटवर्थ यांच्या षट्कोनी नळीच्या रायफलीचा आला ०.३७ फूट, म्हणजे जेमतेम साडेचार इंच. हे व्हिटवर्थ म्हणजे १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवणारे तेच. जुन्या लेथवर काम केलेल्यांना ‘व्हिटवर्थ आटा’ आठवत असेलच. त्यांची गोळी नळीच्या आकाराला बेताबेत बसायची. गोळी आणि नळी ह्यांचा मेळ किती नेमका आणि तो प्रत्येक गोळीला किती सारखा, ह्यावर सगळं अवलंबून, हे त्या आकड्यांनी दाखवलं.

ह्यातली गंमत अशी की किमतीचा ह्या मोजणीशी थेट संबंध नाही. स्वस्त लॉटमधल्या सगळ्या गोळ्या चार इंच खाली पण एकाच जागी लागत असतील, तर साईट उचलली की काम झालं. महाग लॉटची एक गोळी बुलमध्ये आणि बाकीच्या चहूकडे, तर तो माल चांदमारीला कुचकामी. काका म्हणाले, ‘‘आम्हाला एकच शिकवलेलं. आधी ग्रुप बघा, बुल मागाहून. ग्रुप घट्ट आला की माणूस, रायफल, गोळी तिघंही इमानी. फुटला की तिघांतला चोर शोधायचा.’’

चोर शोधणं मात्र सोपं नाही. तीन गोळ्यांचा ग्रुप नेहमी दहा गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा लहानच वाटतो, त्यामुळे थोड्या गोळ्यांवर दोन लॉटची तुलना फसते. दारूचं वजन कमीजास्त असेल तर गोळीचा वेग बदलतो आणि लांबच्या निशाणावर भोकं वरखाली पसरतात. सातव्या मार्कची १७४ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २४४० फूट वेगाने सुटते. त्यात थोडा फरक पडला तरी ६०० यार्डांवर तो उघड दिसतो. शिवाय नळीही चोर असू शकते. तेव्हाच्या टोपीतल्या स्फोटकात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर उरणारा क्षार मिठासारखा पाणी ओढतो. म्हणून चांदमारीनंतर नळीत उकळतं पाणी ओतायचा नियम होता. बेळगावच्या पावसात एक संध्याकाळ आळस केला की नळी गंजली, आणि पुढच्या खेपेला दोष गोळीला!

आता माझी फुटकी पुंगळी. पितळ हलकं म्हणून ती चिरली, असं मी धरून चाललो होतो. पण पितळेच्या पुंगळ्या चिरण्याची एक गोष्ट आपल्याच देशातली आहे. ब्रिटिश फौजेला दिसलं होतं की पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं न वापरताच चिरतात. हंगामात होतं म्हणून त्याला नावही ‘हंगामी चीर’ अशा अर्थाचंच पडलं. कारण नीट उलगडलं १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन ह्या संशोधकांनी दाखवलं की दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. घोड्यांच्या मुतातून हवेत जाणारा अमोनिया ही एक, आणि पुंगळी ओढून घडवताना पितळेत कोंडून राहिलेला ताण ही दुसरी. ७० भाग तांबं, ३० भाग जस्त असं अगदी चोख पितळसुद्धा ह्यात फुटतं. उपाय पितळ बदलण्याचा नव्हे. पुंगळी हलक्या आचेवर तापवून ताण सोडवायचा आणि साठा तबेल्यापासून लांब ठेवायचा. ताण उरलाय का हे पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात नमुना बुडवून बघता येतं; ताण असेल तर तिथेच चीर पडते.

म्हणजे माझ्या पुंगळीचे संशयित किती झाले बघा. कारखान्यात ताण सोडवण्यात कसूर, किंवा कोठारातला अमोनिया. किंवा टोपीतल्या फल्मिनेटमधला पारा, कारण बार उडाल्यावर तो पितळेत शिरून ते ठिसूळ करतो. किंवा झिजलेल्या रायफलीची ढिली खोली. किंवा खरोखरच वाईट पितळ. नुसत्या डोळ्याने ह्यातलं एकही सिद्ध होत नाही. आणि शेजारी त्याच कारखान्याची, त्याच सालची धड पुंगळी होतीच की! तिच्याकडे मी बघितलंच नाही, कारण मला हवी होती ती गोष्ट फुटकी पुंगळी सांगत होती.

आपल्यासारख्या हौशी इतिहासकारांचं हे नेहमीचं दुखणं आहे. अन्याय खरा असतो, म्हणून त्याचा जो पुरावा हाताला लागेल तो आपण खरा मानतो. त्यात अन्यायाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते खडकीच्या यंत्रांवर राबलेल्या माणसांचं. १८६९ पासून चाललेल्या त्या कारखान्यात पुण्याच्या आसपासच्या किती घरांतली माणसं होती! १९४२ च्या युद्धाच्या धांदलीत रात्रपाळी करणाऱ्या त्या कामगारांवर मी एका पाटीने ठपका ठेवला होता आणि त्यांची बाजू मांडायला तिथे कोणीच नव्हतं. एका निवृत्त हवालदाराने ती मांडली.

पाटी बदलली आहे. आता तिच्यावर एवढंच आहे : ‘.३०३, मार्क सात. खडकी, १९४२. दोन्ही उडवलेल्या. एक चिरलेली, कारण तपासलेले नाही.’

काका परवा पुन्हा येऊन गेले. पाटी वाचली आणि म्हणाले, ‘‘आता ग्रुप घट्ट आला, साहेब.’’