गव्हाचा मामा

मामा म्हटलं की आपल्याला आजोळ आठवतं. हरियाणा-पंजाबात मात्र ‘गेहूं का मामा’ म्हणजे एक तण, फॅलॅरिस मायनर. (मंडूसी, गुल्ली-डंडा ही आणखी नावं.) गव्हासोबत उगवतं, गव्हासारखंच दिसतं, लोंबी येईपर्यंत सहसा ओळखू येत नाही.

हरितक्रांतीनंतर तिकडे भात-गव्हाचं चक्र बसलं. बुटका गहू, भरपूर पाणी, भरपूर खत. मामाची चंगळ झाली. मग आयसोप्रोट्यूरॉन हे तणनाशक आलं आणि काही वर्षं सुखात गेली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मात्र फवारूनही गवत मरेना. हिस्सारच्या कृषी विद्यापीठातल्या आर. के. मलिक आणि समुंदर सिंग यांनी हा प्रतिकार नोंदवला. काही शेतकऱ्यांनी तर उभ्या गव्हाची वैरण केली. हातातोंडाशी आलेलं पीक गुरांपुढे टाकायचं म्हणजे काय होत असेल!

गहू या औषधातून वाचतो, कारण तो ते आपल्या पेशींत मोडून टाकतो. ज्या थोड्या मामांना हीच विद्या येत होती, ते दरसाल उरले आणि त्यांचंच बी पसरलं.

1997-98 च्या सुमारास नवी औषधं आली. मला मोठी वाटते ती दुसरी युक्ती, तापमानाची. मामाचं बी 10 ते 20 अंशांत जोमानं रुजतं, 30 च्या पुढे जवळपास नाहीच. गहू मात्र थोड्या उबदार जमिनीतही उगवतो. म्हणून भात निघाल्याबरोबर, नांगरट न करता, ऑक्टोबरअखेरीस गहू पेरायचा. थंडी पडून मामा डोकं वर काढेपर्यंत भाचा पुढे गेलेला असतो. नांगर नाही, त्यामुळे खोलवरचं बीही वर येत नाही. हे मलिक आणि सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांच्याच रानात करून दाखवलं. अडचण बासमतीवाल्यांची. ती उशिरा निघते आणि गव्हाची पेरणी नेमकी मामाच्या मुहूर्तावर येते.

असो. नव्या औषधांनाही पुढे मामा सरावलाच. आणि ऊब नेहमी आपल्याच बाजूनं असते असंही नाही. 2016 मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी ब्रॅकिपोडियम नावाच्या गवतावर पिनॉक्साडेन मारून पाहिलं. गारव्यात ज्या औषधानं रोपं मरत होती, तेच उष्ण हवेत ती झपाट्यानं पचवून वाचली. पंजाब-हरियाणात मामावर जी औषधं फवारतात, त्यांतलंच हे एक.