क्लारा वीकचा विसरलेला कन्सर्टो

९ नोव्हेंबर १८३५ रोजीं जर्मनींतील लाइपझिग शहरीं, गेवांडहाउस सभागृहांत, सोळा वर्षांची एक मुलगी पियानोपुढें बसली. वाद्यवृंदाचें संचालन फेलिक्स मेंडेल्सझोन करीत होता. प्रमुख वाद्य व वाद्यवृंद यांसाठीं केलेल्या दीर्घ रचनेस कन्सर्टो म्हणतात. त्या दिवशीं वाजलेला कन्सर्टो त्या मुलीचाच होता. तिचें नांव क्लारा वीक.

तिचा पिता फ्रीड्रिख वीक हा नामांकित पियानोशिक्षक; त्याच्याच हाताखालीं ती तयार झाली. १८३३ मध्यें, तेरा वर्षांची असतांना, तिनें या रचनेस आरंभ केला. शेवटचा भाग प्रथम लिहिला गेला व त्याच्या वाद्यवृंदाच्या मांडणीस रॉबर्ट शुमानचा हात लागला. तिन्ही भाग मध्यें न थांबतां एकांतून दुसऱ्यांत उतरतात. मधल्या भागांत जवळजवळ सारा वाद्यवृंद मौन धरतो आणि पियानो व एकटा चेलो यांचाच संवाद चालतो. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळांतील, गंभीर आवाजाचें वाद्य.

एवढी स्वतंत्र बुद्धीची कृति विस्मृतींत कां गेली? १८३७ मध्यें शुमानच्याच नियतकालिकांत तिच्या परीक्षकानें, ही एका स्त्रीची रचना असल्यामुळें तिची खरी समीक्षा संभवत नाहीं, असा सूर काढला. दोन वर्षांनीं क्लारानें दैनंदिनींत लिहिलें कीं, आपल्या अंगीं रचनेची प्रतिभा आहे हा समज आपण सोडून दिला आहे. १८४० मध्यें तिचा शुमानशीं विवाह झाला. पुढें आठ अपत्यें झालीं. १८४७ मध्यें तिनें दुसऱ्या कन्सर्टोस हात घातला, पण तो अपुराच राहिला. १८५६ मध्यें पति निवर्तल्यावर संसाराचा भार तिच्या वादनावर पडला. १८४५ मध्यें तिनेंच प्रथम वाजविलेला पतीचा कन्सर्टो जगभर गाजला. तोहि तिच्या कन्सर्टोप्रमाणें ए मायनर स्वरांतच आहे, आणि त्याच्याहि मधल्या भागांत चेलोंना एक मधुर स्वरावली दिलेली आहे. तिचा कन्सर्टो मात्र दहा वर्षें आधींचा!

क्लारा १८९६ मध्यें वारली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा कन्सर्टो पुन्हां छापला गेला, ध्वनिमुद्रित झाला, आणि २०१९ मध्यें तिच्या जन्माच्या द्विशताब्दीस अनेक ठिकाणीं वाजला. परीक्षकानें नाकारलेला न्याय त्या रचनेस अखेर मिळाला तो श्रोत्यांच्या कानांकडून. कृति कोणाची, हें विचारण्यापूर्वीं ती ऐकावी, एवढाच त्या इतिहासाचा बोध आहे.