बागेतली वेताची खुर्ची : बसणारे आणि विणणारे

आमच्या घरी वेताची एक खुर्ची आहे. वडील महाबळेश्वरला सरकारी नोकरीत असताना एका जुन्या बंगल्यातल्या सामानाच्या लिलावात त्यांनी ती घेतली होती. ‘चिनी कैद्याच्या हातची आहे बरं का,’ असे ते आल्यागेल्याला सांगत. वडील गेल्यावर खुर्ची पुण्याला माझ्याकडे आली. मी मोठ्या हौसेने ती अंगणात पारिजातकाखाली मांडली आणि एक अख्खा पावसाळा तिथेच राहू दिली. नवरात्रात पाहिले तर बैठक लोंबत होती, पायांना गुंडाळलेली साल सुटली होती आणि हातांवर काळी बुरशी धरली होती. त्यावर मी आणखी शहाणपणा केला : ऑइलपेंटचे दोन हात मारले. उरलेसुरले तेही गेले. ती दुरुस्त करणारा माणूस शोधता शोधता मी वेताच्या इतिहासात शिरलो, तो अजून बाहेर आलेलो नाही.

आपल्याला वेत मुख्यतः ठाऊक तो शाळेतल्या छडीमुळे. माझ्या पिढीच्या तळहातांना त्याचा परिचय अधिक. पण वेत म्हणजे बांबू नव्हे, हे अनेकांना सांगावे लागते. बांबू हे गवत, आतून पोकळ. वेत हा ताडामाडाच्या कुळातला, काटेरी वेल. दुसऱ्या झाडांच्या आधाराने वर चढणारा आणि आतून भरीव. म्हणूनच तो वाफेवर धरला की वाकतो आणि गार झाला की त्याच बाकात राहतो. त्याची बाहेरची साल गुळगुळीत, चकचकीत आणि पाण्याला बऱ्यापैकी दाद न देणारी. आतला गाभा सच्छिद्र, पाणी पिणारा. सालीच्या पट्ट्यांनी जाळी विणतात, गाभ्याच्या काड्यांनी टोपल्या आणि नक्षी. खुर्ची निवडणे काय किंवा सांभाळणे काय, सगळे साल आणि गाभा यांच्या या फरकावर येऊन ठेपते.

वेताचे आसन साहेबाने आणले, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. ‘कुमारसंभवा’च्या सहाव्या सर्गात हिमालय सप्तर्षींना वेत्रासनांवर बसवतो. तिकडे युरोपातही विणलेली खुर्ची जुनीच. जर्मनीतल्या ट्रिअरच्या संग्रहालयात रोमन काळातले एक शिल्प आहे, त्यात उंच पाठीच्या विणीव खुर्चीत एक बाई बसली आहे आणि दासी तिचे केस विंचरत आहेत. मात्र ती वीण वेताची नसणार, कारण वेत युरोपात उगवत नाही. तिकडे विलो झाडाच्या फांद्या वापरत. आशियातला वेत जहाजांतून इंग्लंडला पोचला तो सतराव्या शतकात. उलट साहेब इथे आला तेव्हा त्याला वेताचा खरा उपयोग कळला. गादीच्या खुर्चीत घाम, ढेकूण आणि कसर. वेताच्या जाळीतून वारा खेळतो. आणि खुर्ची इतकी हलकी की एका हाताने उचलून संध्याकाळी हिरवळीवर नेता येते. नेणारा हात अर्थात साहेबाचा नसे.

आता महाबळेश्वर. १८२९ साली सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने तिथे इंग्रजांचे ठाणे वसवले, त्यावरून माल्कमपेठ. थोड्याच वर्षांत तिथे एक तुरुंग उभा राहिला. त्यात ठेवले होते सिंगापूर-पिनांगच्या बाजूला, म्हणजे मलाक्का सामुद्रधुनीच्या वसाहतींत, शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी. १८८५ च्या सातारा गॅझेटियरात या तुरुंगाची हकिकत आहे. सुमारे १२० कैद्यांची सोय होती. बटाटा आणि विलायती भाज्या यांची लागवड सुधारली ती त्यांच्यामुळे, आणि वेताचे नि बांबूचे काम गावात आले तेही चिन्यांमुळेच असे म्हणतात, अशी नोंद आहे. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला.

हा प्रवास एकतर्फी नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. त्याच काळात मुंबई, मद्रास आणि बंगालचे कैदी काळ्या पाण्याच्या शिक्षेवर पिनांगला आणि सिंगापूरला जात होते. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदुस्थानी कैद्यांनी बांधले. म्हणजे आपली माणसे तिकडे विटा रचत होती आणि तिकडची माणसे सह्याद्रीत टोपल्या विणत होती. ती ज्या मुलखातून आली, तोच वेताच्या व्यापाराचा मुलूख. बोटांत कसब होते. बेड्यांसकट ते इथे उतरले.

मग वडिलांचे म्हणणे? मी खुर्ची उलटी करून भिंगाने पाहिली. चौकटीचे खिळे गोल, तारेपासून यंत्रावर केलेले. असे खिळे सर्रास झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. नंतरच्या दुरुस्तीत घातले असतील म्हणावे, तर जुन्या खिळ्यांची भोके कुठेच नाहीत. तेव्हा आमची खुर्ची कैद्याच्या हातची नाही. वडील हयात असते तर मी हे त्यांना सांगितले असते की नाही, कोण जाणे.

पण त्यांचे म्हणणे आमच्या खुर्चीपुरते खोटे असले, तरी वेतकामाच्या इतिहासात खरे आहे. मोरपिसाऱ्यासारख्या पाठीची वेताची खुर्ची आपण जुन्या फोटोंत आणि लग्नाच्या मंडपांत पाहतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती जगभर गेली ती मनिलाच्या बिलिबिद तुरुंगातून. अमेरिकी अमलाखाली तिथले कैदी या खुर्च्या विणत आणि तुरुंगातच त्यांची विक्री होई. कारखानदारीतही वेत आला, पण वेगळ्या वाटेने. बोस्टनच्या बंदरात जहाजातला माल हलू नये म्हणून मध्ये दडपलेला वेत फेकून देत. १८४०च्या दशकात सायरस वेकफिल्ड या किराणा व्यापाऱ्याने तो उचलला आणि त्यातून एवढा मोठा उद्योग उभारला, की १८६८ मध्ये त्याच्या गावाने आपले नाव बदलून वेकफिल्ड ठेवले. पुढे १९१७ मध्ये मार्शल लॉइडने तारेभोवती पिळलेल्या कागदाची वीण यंत्रावर काढली. म्हणजे ‘विकर’ या नावाखाली वेत नसलेली वस्तू विकणे हे काही आजचे नाही.

आमची खुर्ची अखेर नीट केली ती एका अंध कारागिराने. वय सत्तरीपुढचे. लहानपणी अंधशाळेत शिकलेले. युरोपातल्या अंधशाळांत खुर्ची विणणे एकोणिसाव्या शतकापासून शिकवत, आणि ती पद्धत आपल्याकडेही आली. सरकारी कचेऱ्यांतल्या वेताच्या खुर्च्या विणण्याच्या जागांवर अंध कारागीर घेत, हे जुन्या नोकरदारांना आठवत असेल. तुरुंगात आणि अंधशाळेत हेच काम का, याचा मी बराच विचार केला. भट्टी लागत नाही, मोठी हत्यारे लागत नाहीत, माल हलका, आणि वीण डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते. शिवाय कंटाळा न करता तासन्‌तास बसावे लागते; ज्यांना उठून जायची मुभा नाही अशांनाच ते शिकवले गेले, हेही खरे.

कारागीर काकांनी खुर्चीवरून हात फिरवला आणि विचारले, ‘रंग कुणी लावला?’ मी गप्प. ‘रंगाच्या आत पाणी कोंडलं. वेताला श्वास घेऊ द्यावा लागतो हो.’ मग त्यांनी जे सांगितले ते कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी पडले. बाजारात गेलात तर आधी खुर्ची उलटी करा. खालची टोके पाहा. खऱ्या वेताच्या कापलेल्या तोंडावर बारीक छिद्रे दिसतात, प्लॅस्टिकचा छेद सपाट असतो. हाताच्या आणि पायाच्या सांध्याला नुसता खिळा नको, त्यावर सालीची घट्ट गुंडाळी हवी. बसून डावीउजवीकडे झुला. करकरली तर चालेल, डुगडुगली तर नको. खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर आत कीड आहे, फुकट मिळाली तरी आणू नका.

आणि बागेत ठेवायचीच असेल तर? ‘बागेत बसा. ठेवू नका,’ ते म्हणाले.

हे ऐकल्यावर मला महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांचा क्रम आठवला. हंगाम संपता संपता, जूनच्या आधी, व्हरांड्यांना गवताची झडपे लागत आणि वेताचे सगळे सामान आत, कोरड्या खोलीत जाई. मग पाऊस कितीही कोसळो. ज्याला आपण बागेतले फर्निचर म्हणतो ते बागेत रोज नेले जाई आणि रोज आत आणले जाई. इंग्रजांच्या खुर्च्या टिकल्या म्हणून आपण त्या कारागिरीचे कौतुक करतो. माळी आणि हमाल यांच्या रोजच्या खेपा त्या कौतुकात येत नाहीत. नोकर गेले, खुर्ची बाहेरच राहू लागली, आणि मग प्लॅस्टिकची वीण आली. तिला उन्हापावसाचे फारसे सोयरसुतक नाही. पण काही वर्षांनी ती उन्हाने कडक होऊन तडकते, तेव्हा ती पुन्हा विणून देणारा माणूस सापडत नाही.

उलट कोरडेपणाही वेताला मानवत नाही. एसीच्या झोतासमोर साल तडकते. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने धूळ झाडावी. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवावी. बैठक सैल पडली असेल, पण तुटली नसेल, तर खुर्ची उलटी करून जाळीला खालच्या बाजूने गरम पाण्याचे फडके लावावे आणि रात्रभर तशीच राहू द्यावी. वाळताना वेत आकसतो, जाळी पुन्हा ताणली जाते. यात पैसा लागत नाही.

आमच्या खुर्चीची बैठक मात्र या पलीकडे गेली होती. काकांनी रंग खरवडून काढायला मला दोन दिवस बसवले; शिक्षाच म्हणा. मग सालीच्या पट्ट्या पाण्यात भिजत घातल्या. आधी उभे दोर, मग आडवे, पुन्हा उभे, पुन्हा आडवे, शेवटी दोन्ही तिरपे. अष्टकोनी भोके एकेक करून उघडत गेली. मान एकीकडे कललेली, डोळे खिडकीकडे, आणि बोटे चौकटीच्या भोकांतून खालीवर. मध्येच थांबून त्यांनी जुन्या विणीचा एक तुकडा चाचपला. ‘ही गाठ आमच्या शाळेतली नाही,’ ते म्हणाले. ‘आम्हाला डावीकडून शिकवली होती. ही उजवीकडून आहे.’ तो तुकडा मी पाकिटात घालून ठेवला आहे.

संध्याकाळी मी बसायला गेलो तर त्यांनी हात धरला. म्हणाले, ‘आज नाही. उद्या सकाळी. अजून ओली आहे.’